देहदान-अवयवदानाची संमती मागे घेता येते : कायदा, कागद आणि आपली जबाबदारी



१४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर. या दिवशी ठिकठिकाणी रक्तदान शिबिराच्या शेजारी आणखी एक टेबल लागते. त्यावर देहदान, नेत्रदान आणि अवयवदानाचे फॉर्म असतात. चांगलेच काम आहे. पण त्या टेबलावर एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि विचारला तर कार्यकर्त्यांना उत्तर देता येत नाही.

कडाव परिसरात वर्षावासातल्या एका प्रवचनानंतर एक मावशी मागे थांबल्या. सगळे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "तेव्हा सगळ्यांनी सही केली म्हणून मीपण केली. आता पोरं म्हणतात, आम्हाला हे नको. मलाही रात्री झोप लागत नाही. पण नाव काढायला गेले तर गुन्हा होईल का? आणि लोक म्हणतील, बौद्ध असून दान मागे घेतलं."

त्यांच्या बोलण्यात दोन भीती होत्या, एक कायद्याची आणि दुसरी समाजाची. दोन्ही निराधार आहेत. दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी मिळावे म्हणून हा माहिती लेख.

थोडक्यात उत्तर

देहदान किंवा अवयवदानाचा संकल्प हा करार नाही. तो केव्हाही मागे घेता येतो. कारण द्यावे लागत नाही, दंड नाही, गुन्हा नाही. मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, मागे घेतल्याचे घरच्यांना कळले पाहिजे. दुसरी, ते कागदावर असले पाहिजे. तिसरी आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे संकल्प रद्द करणे आणि दानाला हरकत नोंदवणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

आपण नेमकी कशावर सही केली?

शिबिरात एकाच रांगेत वेगवेगळे फॉर्म भरले जातात आणि नंतर कोणाला आठवत नाही की आपण काय भरले. म्हणून आधी हे ओळखावे.

अवयवदान : मेंदूमृत्यू झाल्यावर मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसे असे अवयव गरजू रुग्णासाठी काढले जातात. हे फक्त मान्यताप्राप्त रुग्णालयातच होते. मेंदूमृत्यू झाला आहे हे चार डॉक्टरांचे मंडळ ठरवते. यासाठी 'मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४' आहे. २०११ साली त्यात दुरुस्ती झाली, ऊतींचाही समावेश झाला आणि २०१४ साली नवे नियम आले. संकल्पासाठी त्या नियमांतला 'नमुना ७' वापरतात.

नेत्रदान, त्वचादान : हेही याच कायद्याखाली येते. पण यासाठी मेंदूमृत्यूची अट नाही. घरी नैसर्गिक मृत्यू झाला तरी काही तासांत नेत्रदान होऊ शकते.

देहदान : पूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी दिला जातो. याचा कायदा वेगळा आहे, १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा. आधी त्याचे नाव 'मुंबई' होते, आता 'महाराष्ट्र' आहे. हा फॉर्म सहसा थेट महाविद्यालयाकडे किंवा एखाद्या संस्थेमार्फत जातो.

जिवंतपणी दान : आई मुलाला मूत्रपिंड देते, भाऊ बहिणीला यकृताचा भाग देतो. हा शिबिराचा विषय नाही, पण संमती मागे घेण्याचा सगळ्यात अवघड प्रसंग इथेच येतो. त्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

आणखी एक जागा अनेकजण विसरतात. वाहन चालवण्याच्या परवान्याच्या अर्जातही अपघाती मृत्यू झाल्यास अवयवदानाची तयारी आहे का, असा प्रश्न असतो. एजंटाने फॉर्म भरला असेल तर तिथे काय खूण केली हे पोराला माहीतही नसते.

कायदा काय म्हणतो

१९९४ च्या कायद्याचे कलम ३ वाचले की चित्र स्पष्ट होते. दाता १८ वर्षे पूर्ण झालेला असावा. मृत्यूनंतरच्या अवयवदानाची संमती लेखी असावी, दोन किंवा अधिक साक्षीदारांसमोर दिलेली असावी आणि त्यांपैकी किमान एक साक्षीदार जवळचा नातेवाईक असावा. कायद्याच्या भाषेत जवळचे नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे.

यावरून एक गोष्ट तिथल्या तिथे ध्यानात यावी. शिबिरात दोन कार्यकर्त्यांनीच साक्षीदार म्हणून सह्या ठोकल्या असतील, तर तो कागद कायद्याच्या या अटीत बसत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांनी उत्साहाने भरलेले फॉर्मही बसत नाहीत.

आता मागे घेण्याबद्दल. अशी वैध संमती असेल तर देह ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी डॉक्टरांना अवयव काढू द्यावेत, असे कायदा म्हणतो. पण त्याला अपवाद तिथेच जोडलेला आहे. दात्याने नंतर ती संमती मागे घेतली होती, असे मानायला कारण असेल तर नाही. म्हणजे मागे घेण्याचा हक्क ही कोणाची मेहेरबानी नाही, तो मूळ कलमातच आहे. त्यासाठी कायद्याने कोणताही ठरावीक फॉर्म सांगितलेला नाही. तोंडी सांगितलेलेही चालू शकते, पण तोंडी गोष्ट सिद्ध कोण करणार? म्हणून कागद. 'नमुना ७' च्या तळटिपेतही संकल्प मागे घेण्याचा पर्याय दात्याला आहे, असे नमूद आहे. शिबिरात ती तळटीप कोणी वाचून दाखवत नाही, एवढेच.

देहदानातही देह सोपवण्याचे काम शेवटी घरच्यांनाच करावे लागते. महाविद्यालयाची गाडी फॉर्म घेऊन दारात येऊन देह नेत नाही. घरच्यांनी कळवले नाही, तर काहीच घडत नाही. अपघात, आत्महत्या अशा पोलीस प्रकरणांत शवविच्छेदन झालेला देह महाविद्यालये सहसा स्वीकारतही नाहीत.

रद्द करणे वेगळे, हरकत वेगळी

बहुतेकांची चूक इथे होते. समजा मावशींनी आपला संकल्प रद्द केला. आता पाटी कोरी झाली. पण कायद्यातली पुढची तरतूद कोऱ्या पाटीसाठीच आहे. मृत व्यक्तीने संमती दिलेली नव्हती, पण हरकतही घेतलेली नव्हती, अशा वेळी देह ताब्यात असलेली व्यक्ती दानाला परवानगी देऊ शकते, फक्त कोणा जवळच्या नातेवाइकाचा विरोध नसावा. म्हणजे संकल्प रद्द करूनही घरचे दान करू शकतात.

तुमची तशी तयारी असेल, म्हणजे "मी स्वतः ठरवत नाही, त्या वेळी पोरांना योग्य वाटेल ते करू दे", तर फक्त रद्द करणे पुरेसे आहे. पण तुम्हाला दान नकोच असेल, तर "माझी हरकत आहे" हे शब्द कागदावर यायला हवेत.

याच्या उलटही होते. तुम्ही संकल्प कायम ठेवला आणि घरच्यांनी नकार दिला, तर आपल्या देशात व्यवहारात दान होत नाही. रुग्णालये नातेवाइकांची लेखी संमती घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. कर्जत-मुरबाड रस्त्यावर किंवा खोपोलीजवळ द्रुतगती मार्गावर अपघात झाला, तर जखमीला पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईला हलवतात. तिथल्या अतिदक्षता विभागाबाहेर जो बसलेला असतो, प्रश्न त्यालाच विचारला जातो. तुमचे डोनर कार्ड कडावच्या घरात कपाटात असते. म्हणून हो असो वा नाही, घरच्यांना सांगणे हाच खरा कागद.

प्रत्यक्ष काय करायचे

१. फॉर्म कुठे दिला ते शोधा. डोनर कार्डावर संस्थेचे किंवा महाविद्यालयाचे नाव असते. शिबिरात भरला असेल तर आयोजकांना विचारा की फॉर्म पुढे पाठवले की त्यांच्याकडेच पडून आहेत.

२. अवयवदानाचा संकल्प ऑनलाइन केला असेल, तर राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेच्या, म्हणजे 'नोटो'च्या संकेतस्थळावर आपल्या खात्यातून तो मागे घेता येतो. नोटोला पत्र लिहून किंवा १८०० ११ ४७७० या निःशुल्क क्रमांकावर फोन करूनही विचारणा करता येते. महाराष्ट्रासाठीचे प्रादेशिक आणि राज्य केंद्र मुंबईत केईएम रुग्णालयात आहे.

३. देहदानाचा फॉर्म असेल, तर संबंधित वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला पत्र द्या. रायगड जिल्ह्यात अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कामोठ्याला एमजीएम आहे. अनेकांनी मुंबईतही फॉर्म दिलेले असतात. ज्या महाविद्यालयाचे कार्ड, त्याच महाविद्यालयाला पत्र.

४. पत्राच्या दोन प्रती करा. एकीवर पोच घ्या, म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. जाणे शक्य नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

५. पत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मागे घेण्यासाठी कायद्याने साक्षीदार सक्तीचे केलेले नाहीत, पण उद्या वाद झाला तर त्यांचाच आधार असतो. एक साक्षीदार घरचा असावा.

६. जुने डोनर कार्ड परत करा किंवा त्यावर 'रद्द' लिहून, सही आणि तारीख घालून पत्राच्या प्रतीला जोडा.

७. घरच्या सगळ्यांना बसवून सांगा. ज्या मुलाला माहीत आहे तो पुण्याला आणि ज्याला माहीत नाही तो घरी, असे होऊ देऊ नका.

मृत्युपत्रात लिहून ठेवू, असे काहीजण म्हणतात. मृत्युपत्र बहुधा अंत्यविधीनंतर उघडले जाते. तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. तसेच 'लिव्हिंग विल' म्हणजे शेवटच्या आजारात कृत्रिम उपचार नकोत, असे आधीच लिहून ठेवणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. तो वेगळा कागद आहे. त्याची आणि अवयवदानाची गल्लत करू नये.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. विभागप्रमुख, शरीररचनाशास्त्र विभाग,
(महाविद्यालयाचे नाव व पत्ता)

विषय : देहदानाची संमती मागे घेत असल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी (पूर्ण नाव), वय ……, राहणार ……, ता. कर्जत, जि. रायगड. मी दि. …… रोजी आपल्याकडे देहदानाचे संकल्पपत्र भरून दिले होते. ती संमती मी आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय मागे घेत आहे. माझे नाव दात्यांच्या नोंदवहीतून कमी करावे आणि तसे मला लेखी कळवावे.

माझ्या मृत्यूनंतर माझा देह किंवा देहाचा कोणताही भाग कोणत्याही कारणासाठी देण्यास माझी हरकत आहे.

सही / अंगठा, दिनांक
साक्षीदार १ (जवळचा नातेवाईक) : नाव, नाते, सही
साक्षीदार २ : नाव, सही

हरकतीचे वाक्य नको असेल तर खोडून टाका. फक्त देहदान नको आणि नेत्रदान हवे असेल, तर त्या वाक्यात 'नेत्रदान वगळता' असे घाला. सगळे किंवा काहीच नाही, असे बंधन नाही. अंगठा असेल तर मजकूर आधी मोठ्याने वाचून दाखवा आणि तसे वाचून दाखवल्याची नोंद साक्षीदाराने खाली करावी.

जिवंत दात्याचा नकार

नात्यात मूत्रपिंड द्यायचे ठरते, तपासण्या होतात, तारीख मिळते आणि मग सुनेच्या, बहिणीच्या किंवा पत्नीच्या मनात भीती येते. या वेळी नकार देणे फार कठीण असते. पण जिवंत दात्याला शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत संमती मागे घेण्याचा हक्क आहे आणि दात्याने सही करायच्या फॉर्ममध्येच तसे लिहिलेले असते. घरात बोलता येत नसेल, तर डॉक्टरांना किंवा प्रत्यारोपण समन्वयकाला एकटीने भेटून सांगावे.

गरिबीचा फायदा घेणारेही आहेत. २०२२ साली पुण्यात एक प्रकरण उघड झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महिलेला पैशांचे आमिष दाखवून, रुग्णाची पत्नी असल्याचे भासवून तिचे मूत्रपिंड काढल्याचा आरोप झाला. ठरलेले पैसे मिळाले नाहीत म्हणून तिने तक्रार केली, तेव्हा हे बाहेर आले. अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर त्याला ५ ते १० वर्षांची कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. आपल्या वस्तीत, कातकरी वाडीवर कोणी असे आमिष घेऊन आले, तर तिथेच थांबवले पाहिजे.

मृत्यूनंतर वाद झाला तर?

केरळमधले ज्येष्ठ मार्क्सवादी नेते एम. एम. लॉरेन्स यांचे २१ सप्टेंबर २०२४ रोजी निधन झाले. देह कळमश्शेरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला देण्याचे ठरले. त्यांच्या मुलीने विरोध केला. वडिलांचा ख्रिस्ती पद्धतीने दफनविधी व्हावा, असे तिचे म्हणणे होते. भांडणाचे मूळ एकच होते. संमती तोंडी होती आणि ती दोन साक्षीदारांसमोर दिल्याचे सांगितले गेले. केरळ उच्च न्यायालयाने आधी ऑक्टोबरमध्ये आणि मग डिसेंबरमध्ये मुलीच्या विरोधात निर्णय दिला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. इतके दिवस देह शवागारात राहिला.

कोण बरोबर, कोण चूक, यात न पडता यातून आपण एक शिकावे. मृत माणूस कोर्टात येऊन बोलू शकत नाही. त्याने आधी काय सांगितले आणि कोणासमोर सांगितले, एवढेच उरते. द्यायचे असेल तरी आणि मागे घ्यायचे असेल तरी.

धम्म काय सांगतो?

आता मावशींची दुसरी भीती. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दहा पारमितांच्या पालनाची प्रतिज्ञा आहे आणि दान ही त्यातली पहिली पारमिता. मग दान मागे घेणे म्हणजे प्रतिज्ञा मोडणे का?

दानासाठी डोळे देणाऱ्या शिबी राजाची जातककथा आपण प्रवचनात ऐकतो. पण त्या कथेतला वैद्य सीवक सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. राजाने डोळे काढायला सांगितले, तरी तो एका झटक्यात काढत नाही. तो टप्प्याटप्प्याने औषध लावतो आणि प्रत्येक टप्प्यावर राजाला सांगतो की पुन्हा विचार करा, अजूनही डोळा पूर्ववत करता येईल. राजा प्रत्येक वेळी हो म्हणतो, तेव्हाच तो पुढे जातो. दात्याला शेवटपर्यंत मागे फिरण्याची वाट मोकळी ठेवली होती, म्हणून ते दान ठरले. जिथे नाही म्हणता येत नाही, तिथे हो म्हणण्याला किंमत नाही.

पंचशीलातले दुसरे शील अदिन्नादाना वेरमणी, म्हणजे जे दिलेले नाही ते न घेणे. हे शील आपण शिबिराच्या टेबलालाही लावले पाहिजे. लाजेपोटी, गर्दीत, शाखेच्या अध्यक्षांचा मान राखायला दिलेली सही म्हणजे दिलेले नव्हे. शरीररचनाशास्त्राचा कायदा मुळात बेवारस देह महाविद्यालयांना मिळावेत म्हणून झाला. बेवारस कोण असतो? रस्त्यावर मरणारा, गाव सुटलेला, विचारायला कोणी नसलेला गरीब. त्याला कोणी संमती विचारली नाही. स्वेच्छेच्या देहदानाचे मोल यासाठीच मोठे आहे की तिथे माणसाला विचारले जाते. मग विचारणे खरे हवे.

याचा अर्थ दानाला विरोध असा नाही. श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्व्हा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था उभी केली आणि बौद्ध समाजातून इतके नेत्रदान झाले की ती संस्था इतर देशांनाही डोळे पाठवू लागली. मनापासून दिलेले दान काय करू शकते, याचा तो पुरावा आहे. दुसरीकडे, मृत्यूनंतर देहाला काही काळ हात लावू नये असे मानणारे बौद्धही जगात आहेत, तिबेटी परंपरेत हा विचार आढळतो. दोघेही बौद्धच आहेत.

घरच्यांचा विरोध पुष्कळदा अंत्यविधीच्या काळजीतून येतो. देह दिला तर विधी होणार नाही, असे वाटते. तसे नाही. देह सोपवण्याआधी घरी त्रिशरण-पंचशील होऊ शकते, बौद्धाचार्य किंवा भंतेजी येऊ शकतात आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नंतर नेहमीसारखा करता येतो. हे आधी सांगितले असते, तर कदाचित काही संमती मागे घेतल्याच गेल्या नसत्या.

कार्यकर्त्यांसाठी

फॉर्मची संख्या हे शिबिराचे यश मानू नका. मागच्या वर्षीपेक्षा जास्त फॉर्म हवेत या ईर्ष्येत माणूस हरवतो. फॉर्म त्या दिवशी घरी न्यायला द्या, घरच्यांशी बोलून आठवड्याने आणायला सांगा. साक्षीदार घरचाच असू द्या. १८ वर्षांखालच्यांकडून भरून घेऊ नका. संकल्प मागे कसा घ्यायचा, हे त्याच टेबलावर मोठ्या अक्षरांत लावा. शाखेत एक वही ठेवा आणि कोणाचा फॉर्म कुठे गेला हे त्यात लिहा. कोणी मागे घ्यायला आले, तर कारण विचारू नका, समजूत काढत बसू नका, पत्र लिहायला मदत करा. आणि कोणी मागे घेतले, हे विहारात चर्चेचा विषय होऊ देऊ नका.

त्या मावशींनी अखेर पत्र दिले. देहदान रद्द केले, नेत्रदान ठेवले. नेत्रदान का ठेवले, तर म्हणाल्या, "ते मी कोणाच्या सांगण्यावरून नाही ठेवलं." साक्षीदार म्हणून मुलाने सही केली.